मेमो, राजीनामा, थकलेले पैसे: बँक आणि वित्त क्षेत्रातील नोकरदारांनी काय करावे?

बँका, विमा कंपन्या, फायनान्स कंपन्या, म्युच्युअल फंड आणि ब्रोकिंग कंपन्यांत काम करणाऱ्या वाचकांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ‘एचआरने संध्याकाळी केबिनमध्ये बोलावून राजीनामा मागितला, देऊ का?’ ‘चार वर्षांपूर्वी मंजूर केलेले कर्ज आता थकले आणि मेमो मला आला.’ ‘दुसऱ्या बँकेत जायचे आहे, बॉण्डचे पैसे भरावेच लागतात का?’ ‘कामगार न्यायालयात जाऊ की हायकोर्टात?’

या प्रश्नांची उत्तरे शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याला विचारून मिळत नाहीत. सरकारी बँकेतला क्लार्क, त्याच शाखेतला स्केल टू अधिकारी आणि एजन्सीमार्फत आलेला वसुलीचा मुलगा एकाच छताखाली काम करतात. तरी तिघांचा कायदा वेगळा, दाद मागायची जागा वेगळी आणि मुदतही वेगळी. म्हणून ‘लढू की सोडू’ हे ठरवण्याआधी आपण कोणत्या रांगेत उभे आहोत ते पाहा.

आधी ठरवा: कायद्याच्या लेखी तुम्ही कोण?

चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा आता औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. पण मूळ भेद कायम आहे: ‘कामगार’ असाल तर नोकरी परत मिळवण्याचा मार्ग खुला असतो, नसाल तर तो बहुधा बंद असतो. व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय काम करणारे ‘कामगार’ ठरत नाहीत. पर्यवेक्षकाचे काम करून महिना १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारेही ठरत नाहीत.

इथे पदनामाला भुलू नका. व्हिजिटिंग कार्डावर ‘असोसिएट मॅनेजर’ असले आणि दिवसभराचे काम डेटा भरणे, व्हाउचर तपासणे, फायली लावणे हेच असेल, तर न्यायालय मुख्य काम कोणते ते पाहते. हाताखाली माणसे आहेत का, रजा मंजूर करता का, कर्जमंजुरीचे अधिकार आहेत का, यावर उत्तर ठरते.

आता आपली रांग शोधा:

- सरकारी बँकेतील क्लार्क, कॅशियर, शिपाई: तुम्ही कामगार. शिस्तभंगाची पद्धत १० एप्रिल २००२ च्या द्विपक्षीय करारात दिलेली आहे. वाद केंद्रीय कामगार आयुक्तांच्या यंत्रणेतील समेट अधिकाऱ्यापुढे जातो आणि तिथे न मिटल्यास न्यायाधिकरणापुढे. महाराष्ट्रात केंद्र सरकारची औद्योगिक न्यायाधिकरणे मुंबई आणि नागपूर इथे आहेत.
- सरकारी बँकेतील अधिकारी: तुम्हाला बँकेची शिस्त व अपील नियमावली लागू. आधी खात्यांतर्गत अपील, मग उच्च न्यायालयात रिट. सरकारी बँक घटनेच्या दृष्टीने ‘राज्यसंस्था’ असल्यामुळे हा मार्ग मिळतो.
- खासगी बँकेतील अधिकारी: फेडरल बँकेच्या एका शाखा व्यवस्थापकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितले, की रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे एवढ्यावर खासगी बँकेविरुद्ध रिट चालत नाही. तुमचा आधार म्हणजे नियुक्तिपत्र, कंपनीची धोरणे आणि दिवाणी न्यायालय किंवा लवाद.
- फायनान्स कंपनी, म्युच्युअल फंड, ब्रोकिंग: कामगार असाल तर राज्य सरकारचे कामगार खाते, व्यवस्थापक असाल तर खासगी बँकेसारखीच स्थिती.
- सहकारी बँक, पतसंस्था: अनेक जण बडतर्फीनंतर थेट उपनिबंधकांकडे धावतात. पण औद्योगिक विवाद हा सहकार कायद्याच्या कलम ९१ खालचा ‘वाद’ धरला जात नाही. बहुतेक वेळा कामगार खात्याचेच दार ठोठवावे लागते.
- ऑफ-रोल कर्मचारी: पगारपत्रकावर ज्या एजन्सीचे नाव, तीच कागदोपत्री मालक. ओळखपत्र बँकेचे असले तरी पहिली नोटीस एजन्सीला आणि प्रत बँकेला पाठवा.
- डीएसए, विमा एजंट, म्युच्युअल फंड वितरक: तुमचे नाते नोकरीचे नसून कमिशनच्या कराराचे आहे. थकलेल्या कमिशनसाठी करारातील लवादाचे कलम आधी वाचा.

पहिल्या आठवड्यात काय करावे?

१. मिळालेल्या कागदावर तारीख टाका. नोटीस, मेमो, आरोपपत्र हाती पडले की ‘मिळाले’ असे लिहून सही, तारीख आणि वेळ घाला. स्वीकारायला नकार देऊन काही साधत नाही. ते टपालाने येते आणि नकाराचा शेरा तुमच्याच फायलीत जातो.

२. उत्तराची मुदत पाहा. मुदत तीन किंवा सात दिवसांची असेल आणि कागदपत्रे पाहायला मिळाली नसतील, तर मुदत संपण्याआधी लेखी वाढ मागा. न दिलेले उत्तर हे ‘काही म्हणायचे नाही’ असे वाचले जाते.

३. नियुक्तिपत्र, सेवानियम आणि करार बाहेर काढा. बॉण्ड, नोटीस कालावधी, लवाद आणि न्यायालयाची जागा सांगणारे कलम यांखाली रेघ मारा. ‘फक्त मुंबईतील न्यायालये’ असे कलम अनेक खासगी बँकांच्या करारांत असते. एप्रिल २०२५ मध्ये एचडीएफसी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. पाटणा आणि दिल्लीत काम केलेल्या कर्मचाऱ्यांना त्यामुळे मुंबईतच दाद मागावी लागणार. नागपूर किंवा पणजीच्या शाखेत काम करत असाल, तर हा खर्च आधीच धरा.

४. घटनांची तारीखवार नोंद करा. कोण, केव्हा, काय म्हणाले, तिथे कोण हजर होते. विशेषणे नकोत.

५. तोंडी बोलणे लगेच लेखी करा. बैठक संपली की साधा ईमेल: ‘आज ११ वाजता आपण मला अमुक सांगितलेत, माझे म्हणणे असे होते.’

६. युनियन किंवा अधिकारी संघटनेशी बोला. नियमांची अद्ययावत प्रत आणि बचाव प्रतिनिधी तिथेच मिळतो.

पुरावा जमवताना पाय घसरतो

बँकेतली माणसे सर्वात जास्त इथे अडचणीत येतात. आपण निर्दोष आहोत हे दाखवण्यासाठी कर्जाची फाइल, खातेउतारे, केवायसीचे कागद स्वतःच्या खासगी ईमेलवर पाठवले जातात. मूळ आरोप टिकत नाही, पण ‘ग्राहकाची गोपनीय माहिती बाहेर नेली’ हा नवा आरोप मात्र पक्का होतो. बँकेची यंत्रणा असा प्रत्येक ईमेल टिपते.

- जवळ ठेवा: नियुक्तिपत्र, पगारपत्रके, मूल्यमापन अहवाल, पदोन्नती आणि बदलीचे आदेश, तुम्हाला उद्देशून आलेले मेमो आणि त्यांची उत्तरे, हजेरी आणि रजेच्या नोंदी.
- बाहेर नेऊ नका: ग्राहकांची नावे, खाते क्रमांक, कर्जप्रस्ताव, सिस्टिमचे स्क्रीनशॉट, अंतर्गत ऑडिट अहवाल.
- त्याऐवजी मागणी करा: लागणारा कागद कोणता, त्याचा दिनांक कोणता आणि तो कशासाठी हवा, याची यादी लेखी द्या. चौकशीत असे संबंधित कागद दाखवणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. नकार आला, तर तो नकारच पुढे तुमचा मुद्दा होतो.
- सरकारी बँकेत स्वतःच्या सेवेविषयीचे कागद माहिती अधिकारातही मागता येतात. उत्तराची मुदत ३० दिवस. खासगी बँकेला हा अर्ज करता येत नाही.
- व्हॉट्सअॅपचे संदेश पुसू नका, फोन बदलू नका. ‘काहीही करून पॉलिसी काढ’ असा ग्रुपवरचा आदेश महत्त्वाचा पुरावा असतो. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणून मूळ उपकरण सांभाळा.

मेमो आणि खातेचौकशी

‘कारणे दाखवा’ नोटिशीला दिलेले उत्तर हे तुमच्या बचावाचे पहिले पान. ते रागात लिहू नका आणि वकिली थाटातही लिहू नका. प्रत्येक मुद्द्याला क्रमाने उत्तर द्या: काय घडले, त्या वेळी कोणते परिपत्रक लागू होते, मंजुरी कोणाची होती, तुमची भूमिका कुठे संपली.

दोन वाक्यांपासून सावध राहा. ‘फक्त माफीनामा लिहून द्या, प्रकरण इथेच मिटवतो’ हे पहिले. ‘कमी आलेली रक्कम तुम्ही भरून टाका’ हे दुसरे. माफीनामा पुढे कबुली म्हणून वाचला जातो आणि भरलेली रक्कम दोषाची खूण ठरते. रोकड जुळवण्यासाठी रक्कम भरावीच लागली, तर ‘दोष मान्य न करता, हरकत नोंदवून भरत आहे’ असे लेखी देऊनच भरा.

आरोपपत्रानंतर चौकशी सुरू झाली, की तुमचे हक्क असे:

- आरोप नेमके आणि समजतील असे असावेत. ‘बँकेच्या हिताला बाधा आणली’ एवढ्यावर उत्तर देता येत नाही, तपशील मागा.
- व्यवस्थापनाचे कागद पाहता आले पाहिजेत आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेता आली पाहिजे.
- सहकारी किंवा संघटनेचा पदाधिकारी बचाव प्रतिनिधी म्हणून नियमांप्रमाणे मिळतो. वकील हा हक्क म्हणून मिळत नाही. पण समोरचा सादरकर्ता अधिकारी कायद्याचा जाणकार असेल, तर वकिलाची मागणी जरूर करा. मुंबई बंदर विश्वस्तांच्या प्रकरणात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मागणी उचलून धरली होती.
- चौकशी अहवालाची प्रत मिळून त्यावर म्हणणे मांडायची संधी शिक्षेआधी मिळायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये हे पक्के केले.
- चौकशी अधिकाऱ्याने निर्दोष म्हटले आणि वरिष्ठ ते मानायला तयार नसतील, तर त्यांनी आधी कारणे देऊन तुमचे ऐकले पाहिजे. पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणातला १९९८ चा हा निकाल बँक कर्मचाऱ्यांनी कायम लक्षात ठेवावा.

चौकशीला गैरहजर राहणे ही सर्वात महागडी चूक. चौकशी अधिकारी पक्षपाती वाटला तरी हजर राहा, हरकत कामकाजात लेखी नोंदवा आणि रोजच्या कामकाजाची प्रत घ्या. खातेचौकशीत दोष ‘संशयापलीकडे’ सिद्ध करावा लागत नाही, शक्यतेचे पारडे कुठे झुकते ते पाहिले जाते. त्यामुळे ‘पुरावाच नाही त्यांच्याकडे’ या भरवशावर राहू नका.

निलंबन ही शिक्षा नव्हे, आणि या काळात निर्वाह भत्ता मिळतो. कामगारांसाठी औद्योगिक संबंध संहितेने पहिल्या ९० दिवसांना वेतनाच्या ५० टक्के आणि विलंब कर्मचाऱ्यामुळे झाला नसेल तर पुढे ७५ टक्के भत्ता सांगितला आहे. अधिकाऱ्यांना त्यांच्या नियमावलीप्रमाणे. भत्ता थकला तर लगेच लेखी मागणी करा. भत्त्याअभावी चौकशीला हजर राहता आले नाही, तर ती चौकशीच सदोष ठरू शकते. मुख्यालय सोडायचे असेल तर परवानगी घ्या आणि या काळात दुसरीकडे काम धरू नका.

प्रत्येक सक्तीची रजा निलंबन नसते. रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनेनुसार संवेदनशील जागांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, पूर्वकल्पना न देता, सलग किमान १० कामकाजाच्या दिवसांची रजा द्यायची असते. अशी रजा मिळाली म्हणून घाबरून राजीनामा लिहायला बसू नका.

कर्ज थकल्यावरची जबाबदारी: सरकारी बँकांसाठी अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ५० कोटी रुपयांपर्यंतच्या खात्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे दिली. १ एप्रिल २०२२ पासून एनपीए झालेल्या खात्यांना ती लागू आहेत. खाते एनपीए झाल्यापासून सहा महिन्यांत कर्मचाऱ्याची जबाबदारी तपासून संपवायची असते. मेमो त्यानंतर फार उशिरा आला असेल, तर विलंबाचा मुद्दा उत्तरात पहिल्याच परिच्छेदात घ्या.

प्रकरण पोलिसांपर्यंत गेले तर

आता कामगार कायद्याचा सल्लागार पुरेसा नाही, फौजदारी वकील गाठा. बँकेच्या माणसाने केलेल्या विश्वासघाताला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये सामान्य माणसापेक्षा कडक शिक्षा आहे. ‘मी खासगी बँकेत आहे, मला भ्रष्टाचाराचा कायदा कसा लागेल?’ असेही विचारले जाते. २०१६ मध्ये ग्लोबल ट्रस्ट बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खासगी बँकेचे अध्यक्ष आणि कार्यकारी संचालक भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यापुरते लोकसेवक ठरवले. ज्या बँकिंग नियमन कायद्याच्या कलमावर हा निकाल उभा आहे, त्यात बँकेचे इतर कर्मचारीही येतात. म्हणजे नोकरी गेल्यावर सरकारी कर्मचाऱ्यासारखा रिटचा आधार नाही, पण लाच घेतली तर लोकसेवकाची जबाबदारी आहे.

- खातेचौकशी आणि खटला एकाच वेळी चालू शकतात. आरोप गंभीर, गुंतागुंतीचे आणि पुरावा तोच असेल तर चौकशी थांबवण्याची विनंती न्यायालयाला करता येते.
- एफआयआर आणि पोलिसांपुढची कथित कबुली एवढ्यावर खातेचौकशीत दोष सिद्ध होत नाही. पुरावा तिथे शाबीत करावा लागतो. पंजाब नॅशनल बँकेच्याच दुसऱ्या प्रकरणात २००८ मध्ये हे स्पष्ट झाले.
- उलट, खटल्यात सुटलात म्हणून नोकरी आपोआप परत मिळत नाही.

‘राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकू’

विक्री आणि वसुलीच्या विभागांत हे वाक्य रोजचे झाले आहे. आधी टार्गेट, मग ‘परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅन’, मग बंद खोलीतली बैठक. अशा वेळी:

- त्याच बैठकीत सही करू नका. ‘घरी विचार करून उद्या लेखी कळवतो’ एवढे पुरे.
- सुधारणा योजनेवर सही करावीच लागली, तर ‘मिळाले, उद्दिष्टांबाबत माझे म्हणणे स्वतंत्रपणे देत आहे’ असे लिहा आणि खरोखर द्या. कोणती शाखा, किती लीड, किती दिवस, मागच्या माणसाचे टार्गेट किती होते, हे मांडा.
- दबावाखाली राजीनामा लिहून दिला असेल, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ‘दबावाखाली दिला, मागे घेत आहे’ असा ईमेल करा. राजीनामा अमलात येण्याच्या तारखेआधी साधारणपणे मागे घेता येतो. पंजाब नॅशनल बँकेच्या १९८९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला. महिन्यांनंतर केलेल्या तक्रारीवर विश्वास बसत नाही.
- राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द खोटे असतील तर घालू नका. नुसते ‘मी राजीनामा देत आहे’ पुरते.

राजीनामा देणे काही वेळा शहाणपणाचेही असते. पण चौकशी प्रलंबित असताना राजीनामा स्वीकारणे बँकेवर बंधनकारक नसते, आणि स्वीकारला तरी रिलीव्हिंग लेटरवर शेरा येऊ शकतो. तो शेरा काय असेल हे आधी लेखी ठरवून घ्या.

बॉण्ड, नोटीस कालावधी आणि प्रतिस्पर्धी बँक

मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने किमान तीन वर्षे सेवा न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. सरकारी बँकेला नव्या भरतीची लांब आणि खर्चिक प्रक्रिया करावी लागते, हे त्यामागचे एक कारण. म्हणून सरकारी बँकेचा बॉण्ड ‘कागदावरच असतो’ असे समजू नका. रक्कम अवाच्या सवा असेल आणि प्रशिक्षणावर प्रत्यक्ष खर्चच झाला नसेल, तर मात्र ती कमी करून घेण्यासाठी भांडायला जागा आहे.

‘नोकरी सोडल्यावर एक वर्ष दुसऱ्या बँकेत जाणार नाही’ ही अट वेगळी. भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे ती टिकत नाही. नोकरीत असताना दुसरीकडे काम न करण्याचे बंधन मात्र चालते. ग्राहकांची यादी सोबत नेण्यास तर कोणताच कायदा तुमच्या बाजूने उभा राहणार नाही. वेल्थ आणि ब्रोकिंग क्षेत्रातील मंडळींनी निघण्यापूर्वी स्वतःच्या फोनमधली कामाची माहिती नियमानुसार परत करून पोच घ्यावी.

पैसे: काय, किती, केव्हा?

- शेवटचा हिशेब: वेतन संहितेनुसार राजीनामा, बडतर्फी किंवा कपातीनंतर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचे असते. या संहितेतील ‘कर्मचारी’ या व्याख्येत व्यवस्थापकही येतात, हे अनेक अधिकाऱ्यांना ठाऊक नसते. दाव्याची मुदत तीन वर्षे.
- ग्रॅच्युइटी: पाच वर्षांची सेवा, ठरावीक मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्यांना आता एक वर्ष. देय झाल्यापासून ३० दिवसांत मिळायला हवी, नंतर व्याज. नैतिक अधःपतनाच्या कृत्यासाठी बडतर्फी झाली तर ती जप्त होऊ शकते, आणि त्यासाठी फौजदारी शिक्षा झालेली असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हटले. त्यामुळे बडतर्फीच्या आदेशात कोणते शब्द आहेत याला पैशाची किंमत आहे.
- भविष्य निर्वाह निधी: नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने नोंदवली नाही, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः ऑनलाइन नोंदवू शकता.
- इन्सेंटिव्ह आणि व्हेरिएबल पे: योजनेचे पत्र महत्त्वाचे. ‘देय तारखेला सेवेत असावा’ ही अट बहुतेक ठिकाणी असते. राजीनाम्याची तारीख त्यानुसार ठरवा. खासगी बँकांतील वरिष्ठ आणि जोखीम घेणाऱ्या पदांना रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या सूचनांनुसार दिलेली रक्कम परत घेण्याची तरतूदही लागू असते.
- स्टाफ लोन: नोकरी जाताच सवलतीचा दर संपून बाजारदर लागू होऊ शकतो किंवा कर्ज फेडण्याची मागणी येते. मंजुरीपत्र आधी वाचा. पगाराचे खाते त्याच बँकेत असते, म्हणून घरखर्चापुरती शिल्लक दुसऱ्या बँकेत ठेवणे बरे.

छळ, सूडाची बदली आणि गैरव्यवहार उघड करणारे

लैंगिक छळाची तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे द्यावी. सबळ कारण असल्यास समिती आणखी तीन महिने देऊ शकते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे समिती बंधनकारक आहे. नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. चौकशी ९० दिवसांत व्हायला हवी. तोवर बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. शाखेत ‘आपसात मिटवा’ म्हणणाऱ्या वरिष्ठाला हा कायदा तसा अधिकार देत नाही. सामोपचार फक्त तक्रारदार महिलेने मागितला तरच, आणि पैशाच्या देवाणघेवाणीशिवाय.

बदली हा नोकरीचा भाग आहे आणि न्यायालये त्यात सहसा हात घालत नाहीत. सूड दिसला तर मात्र घालतात. दारू कंत्राटदारांच्या खात्यांतील अनियमितता आणि वरिष्ठाकडून होणारा छळ कळवणाऱ्या पंजाब अँड सिंध बँकेच्या महिला अधिकाऱ्याची इंदूरहून झालेली बदली सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये रद्द ठरवली. तिचे अहवाल लेखी होते, बदलीच्या आधीच्या तारखांचे होते. प्रकरण उभे राहिले ते त्यावर.

गैरव्यवहार कळवायचा असेल तर वाट नीट निवडा. सरकारी बँकेसाठी केंद्रीय दक्षता आयोग. खासगी आणि परदेशी बँकांसाठी रिझर्व्ह बँकेची २००७ ची संरक्षित प्रकटन योजना. इनसायडर ट्रेडिंगसाठी सेबीची माहितीदार यंत्रणा. सूचीबद्ध कंपनीत ऑडिट समितीपुढची तक्रार यंत्रणा. समाजमाध्यमांवर किंवा पत्रकाराकडे कागद आधी गेले, तर संरक्षण दुबळे होते आणि गोपनीयता भंगाचा आरोप तेवढा उरतो.

लढावे की मिटवावे?

- नोकरी परत हवी आणि तुम्ही कामगार किंवा सरकारी बँकेचे अधिकारी आहात: लढण्याला अर्थ आहे. वर्षे लागतील हे धरून चला.
- खासगी बँकेत व्यवस्थापक आहात: खासगी नोकरीचा करार न्यायालय सहसा जबरदस्तीने चालू ठेवायला लावत नाही. हाती येण्याजोगी गोष्ट म्हणजे नोटीस कालावधीचे वेतन, थकलेली देणी, भरपाई आणि स्वच्छ कागद. तडजोड बहुधा फायद्याची.
- आरोप अप्रामाणिकपणाचा आहे: पैशासाठी तडजोड करू नका. वित्त क्षेत्रात पुढची नोकरी पार्श्वभूमी तपासणीवर मिळते, म्हणून हा शेरा पुसण्यासाठी शेवटपर्यंत जाणे योग्य.

तडजोड करताना या पाच गोष्टी लेखी घ्या: रिलीव्हिंग लेटरचा नेमका मजकूर, पुढच्या मालकाने विचारल्यास दिले जाणारे उत्तर, रकमेचा तपशील आणि तारीख, दोन्हीकडच्या तक्रारी मागे घेणे, आणि दोष मान्य केला नसल्याचे वाक्य. ‘सर्व देणी मिळाली’ या कागदावर पैसे खात्यात येण्याआधी सही करू नका.

लक्षात ठेवायच्या मुदती

- लैंगिक छळाची तक्रार: ३ महिने
- राष्ट्रीयीकृत बँकेतील अधिकाऱ्याचे खात्यांतर्गत अपील: बहुतेक नियमावलींत ४५ दिवस
- बडतर्फीचा वाद समेट अधिकाऱ्याकडे: २ वर्षे, समेट फसल्यास अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरण
- वेतनाचा दावा आणि करारभंगाचा दिवाणी दावा: ३ वर्षे

रिटला ठरावीक मुदत नसली तरी विलंबाचे कारण विचारले जाते. काही महिन्यांच्या आत हालचाल करा.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि औद्योगिक कामगारांना तिथे मोफत वकील मिळतो आणि महिलांना उत्पन्नाची अटही नाही. मदतीचा क्रमांक १५१००. वकिलाकडे जाताना तारीखवार नोंद, नियुक्तिपत्र आणि शेवटचा आदेश एवढे घेऊन जा. फी, तारखांचा खर्च आणि अपेक्षित काळ पहिल्याच भेटीत विचारा. आणि वाद उद्भवलेला नसेल, तर आजच नियुक्तिपत्र आणि सेवानियमांची प्रत घरी आणून ठेवा. मेमो आल्यावर ती मागावी लागू नये.